हत्तीरोग, एचआयव्ही आणि रात्री दहाचं रक्त



या शनिवारचा विषय जरा जड आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. मी डॉक्टर नाही. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो, शनिवार-रविवार इतिहास वाचतो, आणि वाचलेलं तुमच्या गळ्यात मारतो. गेले काही आठवडे एका प्रश्नाने डोकं खाल्लंय.

प्रश्न असा. एकाच माणसाच्या अंगात हत्तीरोगाचे जंत आहेत आणि एचआयव्हीसुद्धा आहे. अशा माणसाच्या प्रतिकारशक्तीचं काय होतं? दोन रोग आपापल्या जागी गुपचूप बसतात, की एकमेकांना मदत करतात?

प्रश्न सुचायचं कारण म्हणजे माझं गाव. मी गोंदिया जिल्ह्यातला. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. पुण्यात कुणाला सांगितलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे नागपूरच्या पुढे?" हो, पुढे. तिथल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर भिंतीवर हत्तीरोगाची माहिती दिसते, हिवतापाची दिसते, आणि एड्सचीही दिसते. तिन्हींची खाती वेगळी, रजिस्टरं वेगळी, कर्मचारी वेगळे. मला वाटायचं, या तिन्हींचा एकत्र विचार कुणीतरी केव्हाच करून ठेवला असेल. वाचायला लागलो तर कळलं की हा विचार सुरू होऊनच तीसेक वर्षं झालीत, आणि त्यात दोनदा तरी सगळ्यांना कोलांटउडी मारावी लागली आहे. ती गोष्ट आज सांगतो.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय रोग कळत नाहीत. गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. वैनगंगेचं खोरं, नवेगावबांधपासून गावोगावच्या बोड्यांपर्यंत शेकडो तलाव, त्यातले जुने ते माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी जिकडे बघावं तिकडे पाणी. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागात जंगल, पलीकडे छत्तीसगड. पाणी आलं की डास आलेच, पण डासांमध्येही जाती आहेत. हिवतापाचा ॲनॉफिलीस साधारण स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे ओढे, बांध्या, झरे. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात, म्हणजे तुंबलेली गटारं, सेप्टिक टँक, सांडपाण्याचे खड्डे. एकाला जंगल आणि शेत आवडतं, दुसऱ्याला वस्ती आणि शहर. गोंदियात दोन्ही आहे. त्यामुळे जिल्ह्याचं नाव हिवतापाच्या यादीतही येतं आणि हत्तीरोगाच्या यादीतही.

एचआयव्हीला डास लागत नाही. (हे स्पष्ट लिहितोय, कारण आजही लोक विचारतात. डासातून एचआयव्ही पसरत नाही. विषय संपला.) त्याला माणसांची ये-जा लागते. गोंदिया हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरचं मोठं जंक्शन. मुंबई-कोलकाता महामार्ग सडक अर्जुनी आणि देवरीतून जातो. आणि धान निघाल्यावर कामासाठी बाहेर जाणारी माणसं आहेतच. म्हणून गोंदियात एचआयव्हीचा कहर आहे असं अजिबात नाही. देशात प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, आणि लागण असलेल्यांची संख्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त. पण थोडी का होईना, दोन्ही रोगांची माणसं एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात राहतात, इतकं आपल्या प्रश्नाला पुरेसं आहे.

आता हत्तीरोगाचा इतिहास. हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत 'श्लीपद' नावाने त्याचं वर्णन आहे, आणि जिथे जुनं पाणी साचून राहतं अशा दमट प्रदेशांत तो जास्त होतो हेही तिथे नोंदलेलं आहे. डासाचं नाव नाही, पण पाण्याचा पत्ता बरोबर दिलाय. आधुनिक काळात या रोगाचा शोध तुकड्यातुकड्याने लागला. १८६३ साली पॅरिसमध्ये देमार्के या सर्जनला अंडवृद्धीच्या पाण्यात बारीक अळ्या दिसल्या. १८६६ मध्ये ब्राझीलमध्ये वुखेररला त्या लघवीत दिसल्या. १८७२ मध्ये आपल्या कलकत्त्यात टिमथी लुईसला त्या थेट रक्तात दिसल्या. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बॅनक्रॉफ्टला मोठा, पूर्ण वाढलेला जंत सापडला. म्हणून जंताचं नाव वुखेरेरिया बॅनक्रॉफ्टी. दोघांची नावं अमर झाली, तीही एका जंतामुळे.

पण खरी गंमत केली पॅट्रिक मॅन्सनने. हा स्कॉटिश डॉक्टर चीनच्या किनाऱ्यावर अमॉय बंदरात (आजचं शियामेन) कस्टम्स खात्यात नोकरीला होता. १८७७ मध्ये त्याने रक्तात अळ्या असलेल्या आपल्या माळ्याला, हिन-लो त्याचं नाव, रात्री डासांसमोर झोपवलं आणि मग रक्त प्यायलेले डास उघडून बघितले. डासाच्या पोटात अळ्या वाढत होत्या! माणसाचा रोग कीटकात वाढतो याचा हा पहिला मोठा पुरावा. पुढे याच मॅन्सनने लंडनमध्ये रोनाल्ड रॉसला सांगितलं की हिवतापाचं कोडंही डासातच शोध, आणि रॉसने २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत ते सोडवलं. म्हणजे जिल्हा हिवताप कार्यालयाच्या दोन्ही रोगांचा आजोबा एकच.

मॅन्सनला दुसरी एक गोष्ट सापडली, ती मला सगळ्यात जास्त आवडते. त्याने दिवसरात्र पाळ्या लावून रक्त तपासलं. दिवसा रक्तात अळ्या जवळजवळ नसतात. संध्याकाळनंतर वाढत जातात, मध्यरात्रीच्या आसपास कळस गाठतात, पहाटे परत गायब. दिवसा त्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, आणि क्युलेक्स डास चावायला निघतो त्या वेळेला बरोबर कातडीजवळच्या रक्तात हजर होतात. आपल्या भाषेत, रात्री दहाला लावलेला क्रॉन जॉब. फरक इतकाच की हा आजवर एकदाही फेल गेलेला नाही. :)

याच कारणाने हत्तीरोगाचं रक्त रात्री घ्यावं लागतं. १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून आपल्याकडे पथकं रात्री निघायची. आठ-साडेआठनंतर, लोक जेवून अंगणात बसलेले किंवा झोपायच्या तयारीत, आणि बोटाला सुई टोचायला माणसं दारात. आता प्रतिजन शोधणाऱ्या पट्ट्या आल्यामुळे दिवसाही चाचणी करता येते, पण रात्रीची काच काही संपलेली नाही.

इथून पुढे आपल्या प्रश्नाकडे वळू. हा जंत राहतो कुठे? लसीकावाहिन्यांमध्ये. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं, ते जिथे येतं त्या गाठी आणि त्यांना जोडणारं जाळं म्हणजे ही लसीकासंस्था. आणि ही गाठ म्हणजे काय, तर प्रतिकारशक्तीची छावणी. तिथेच पांढऱ्या पेशींना शत्रूची ओळख करून दिली जाते. हत्तीरोगाची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते, आणि ती पाच-सात वर्षं पोलिसांच्या छावणीशेजारीच बिऱ्हाड थाटून राहते, रोज हजारो अळ्या रक्तात सोडते, आणि पुष्कळदा माणसाला काहीच होत नाही. पाय सुजत नाही, ताप नाही, तक्रार नाही.

हे कसं जमतं? जंत छावणीवर हल्ला करत नाही, तो साहेबांशी जमवून घेतो. तो असे पदार्थ सोडतो की शरीर स्वतःच स्वतःची प्रतिक्रिया खाली खेचतं. आयएल-टेन नावाचं 'शांत व्हा' सांगणारं रसायन वाढतं, नियामक टी-पेशी वाढतात, आयजीजी-फोर नावाची एक मवाळ प्रतिपिंडं भरपूर तयार होतात. रक्तात अळ्या खच्चून भरलेल्या माणसाच्या पेशींना प्रयोगशाळेत जंताचाच अर्क दाखवला तरी त्या धड खवळत नाहीत. उलट ज्यांचे पाय सुजून हत्तीसारखे झालेत त्यांच्यात हा समझोता मोडलेला असतो, प्रतिक्रिया जोरात असते, आणि त्यांच्या रक्तात बहुतेक वेळा अळ्या सापडत नाहीत. म्हणजे गावात ज्याच्याकडे बोट दाखवून लोक हत्तीरोगी म्हणतात त्याच्यापासून डासाला फारसं काही मिळत नाही, आणि रोग पसरवणारा माणूस धडधाकट, हसतखेळत क्रिकेट खेळत असतो. हत्तीरोगाच्या या प्रतिकारशास्त्रावर आणि रक्तचाचण्यांवर आपल्या विदर्भातच, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, अनेक वर्षं काम झालंय. बापूंच्या आश्रमाशेजारी जंतांचे प्रतिजन वेगळे काढले जात होते हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर जीवशास्त्रात जास्त रस घेतला असता.

आता दुसरा पाहुणा, एचआयव्ही. याची पद्धत वेगळी. टी-पेशींमधला सीडी-फोर नावाचा वर्ग म्हणजे प्रतिकारशक्तीतले मॅनेजर. ते स्वतः फार मारामारी करत नाहीत, पण कोणी काय करायचं हे तेच ठरवतात. (माझे मॅनेजर हा ब्लॉग वाचत नाहीत अशी आशा आहे.) एचआयव्ही नेमका यांच्यात शिरतो. आणि शिरल्यावर त्याला वाढायला आवडते ती झोपलेली पेशी नव्हे, जागी, कामाला लागलेली पेशी. हे वाक्य लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी याचीच गरज लागणार आहे.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. सुनीतीबाई मूळच्या गायतोंडे, म्हणजे घरच्या मराठी. १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं मिळू लागली १ एप्रिल २००४ पासून. त्याआधीची वर्षं कशी असतील याचा विचार करा. निदान होतं, पण परवडेल असं औषध नव्हतं. जगभरच्या गरीब देशांत तीच स्थिती. आणि नेमक्या त्याच काळात एका माणसाने एक कल्पना मांडली, जी ऐकून सगळ्यांचे कान टवकारले.

त्याचं नाव झ्वी बेंटविच, इस्रायलमधला डॉक्टर. १९९१ मध्ये इथिओपियातून हजारो ज्यू इस्रायलमध्ये विमानांनी आणले गेले. त्यांच्या तपासण्या करताना बेंटविचच्या गटाला दिसलं की या लोकांच्या पोटात जंत भरपूर, आणि त्यांची प्रतिकारशक्ती सतत उत्तेजित, थकल्यासारखी. १९९५ मध्ये त्यांनी मांडणी केली की आफ्रिकेत एड्स इतक्या वेगाने पसरतो आणि बळावतो, त्यामागे ही जंतांमुळे कायम जागी असलेली प्रतिकारशक्ती हे मोठं कारण असावं. त्याला आधारही होता. १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या टी-पेशींचे दोन गट दाखवले होते, ढोबळ मानाने एक विषाणूंविरुद्ध लढणारा आणि दुसरा जंतांविरुद्ध. जंत शरीराला दुसऱ्या गटाकडे ढकलतात, मग विषाणूकडे बघायला माणसं उरत नाहीत, असा एकूण तर्क.

या कल्पनेची ताकद बघा. एचआयव्हीची औषधं तेव्हा आपल्या आवाक्याबाहेर होती, आणि जंताची गोळी काही रुपयांत मिळते. कल्पना खरी ठरली तर गोंदियापासून नैरोबीपर्यंत गरिबाचा एड्स एका जंताच्या गोळीने पुढे ढकलता येणार! २००० मध्ये आणखी बळ मिळालं. अमेरिकेतल्या थॉमस नटमन यांच्या गटाने हत्तीरोग असलेल्या माणसांच्या पेशी घेऊन त्यात एचआयव्ही सोडला, तर जंतवाल्यांच्या पेशींमध्ये तो जास्त सहज वाढला. काचेच्या नळीत तरी गणित जुळलं.

मग माणसांमध्ये बघायची वेळ आली, आणि पहिली कोलांटउडी बसली. चेन्नईत एचआयव्ही असलेल्या चारशेहून जास्त लोकांची हत्तीरोगासाठी तपासणी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष आले. हत्तीरोग दोन्हीकडे, एचआयव्ही असलेल्यांत आणि नसलेल्यांत, साधारण सारखाच निघाला. ज्यांना दोन्ही होते त्यांच्यात विषाणूचं प्रमाण किंवा सीडी-फोरचा आकडा काही ठळक वेगळा नव्हता. २०१२ मध्ये केनियातली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ९४८ माणसं, एचआयव्ही आहे पण औषध सुरू करायची वेळ आलेली नाही अशी. अर्ध्यांना दर तीन महिन्यांनी जंताची गोळी, शिवाय वर्षातून एकदा प्राझिक्वांटेल. दोन वर्षं वाट पाहिली. एचआयव्ही पुढे सरकण्याच्या वेगात फरक पडला नाही.

आपल्याकडे असा प्रकार नेहमी होतो ना? लॉगमध्ये दोन एरर शेजारी-शेजारी दिसतात, आपण एक दुरुस्त करतो, आणि दुसरी तशीच. मग कळतं की दोन्हींचं मूळ तिसरीकडेच होतं, किंवा संबंध होता पण आपण समजत होतो त्या टप्प्यावर नव्हता. इथे नेमकं हे दुसरं निघालं.

तिकडे जाण्याआधी एक गाठ सोडवायला हवी. 'परजीवी' हा शब्द फार फसवा आहे. पोटातला आकडीजंत, लसीकावाहिनीतला हत्तीरोगाचा जंत आणि तांबड्या पेशीतला हिवतापाचा जंतू या तिघांत साम्य काय, तर ते आपल्या जिवावर जगतात, एवढंच. हिवतापाचं एचआयव्हीशी जमणं तर अगदीच वेगळं. १९९९ मध्ये मलावीत दिसलं की हिवताप असलेल्या एचआयव्हीबाधितांच्या रक्तात विषाणू सात पटींपर्यंत जास्त होता, आणि ताप उतरल्यावरही तो लगेच खाली आला नाही. उलट बाजूने, युगांडात २००० मध्ये दिसलं की सीडी-फोर जितके कमी तितका हिवताप जास्त वेळा आणि जास्त जोरात. २००६ मध्ये केनियातल्या किसुमू शहरासाठी एक गणिती मॉडेल मांडलं गेलं. प्रौढ लोकसंख्या साधारण दोन लाख. हिशेब असा निघाला की १९८० पासून हिवतापामुळे एचआयव्हीच्या सुमारे ८,५०० जादा लागणी, आणि एचआयव्हीमुळे हिवतापाचे सुमारे ९ लाख ८० हजार जादा ताप. मॉडेल म्हणजे मॉडेल, पण दोन रोग एकमेकांचं व्याज कसं वाढवतात ते यात दिसतं.

यातूनच एक चांगली गोष्टही निघाली. कोट्रायमोक्साझोल नावाची जुनी, स्वस्त गोळी, जी एचआयव्हीत सीडी-फोर खाली गेल्यावर इतर संसर्ग टाळायला देतात, तिने युगांडात हिवतापही सुमारे ७२ टक्क्यांनी कमी केला (२००४). एका गोळीत दोन पक्षी. आफ्रिकेचे आकडे सरळ उचलून देवरी-सालेकशाला लावता येत नाहीत, तिथली डासांची आणि एचआयव्हीची घनता फार वेगळी. पण एचआयव्ही असलेल्या माणसाला ताप आला तर आधी हिवतापाचं रक्त तपासा, मच्छरदाणी वापरा, हे सांगायला एवढं पुरेसं आहे.

आता दुसरी कोलांटउडी. टांझानियाच्या नैर्ऋत्येला, मलावीच्या सरहद्दीजवळ क्येला नावाचा भाग आहे. तलाव, भातशेती, दमट हवा. वर्णन वाचताना मला सारखं आपल्याकडचंच काहीतरी वाचतोय असं वाटत होतं. तिथे २००६ ते २०११ या काळात दरवर्षी गावकऱ्यांच्या तपासण्या झाल्या, रक्त साठवलं गेलं. पुढे त्या साठवलेल्या रक्तात हत्तीरोगाचा प्रतिजन शोधला, आणि सुरुवातीला एचआयव्ही नसलेल्या लोकांपैकी पुढे कुणाला तो झाला हे जुळवून पाहिलं. २०१६ मध्ये 'लान्सेट'मध्ये निकाल आला. हत्तीरोग नसलेल्यांत १०० व्यक्ती-वर्षांमागे एचआयव्हीच्या ०.८० नव्या लागणी. हत्तीरोग असलेल्यांत १.९१. वय, लैंगिक वर्तन वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही धोका साधारण दुप्पट. आणि हा फरक सर्वांत ठळक कुणात? १४ ते २५ वयाच्या पोरापोरींत.

म्हणजे बेंटविचचं अर्धं बरोबर होतं. वीस वर्षं सगळे विचारत होते की एचआयव्ही झालेल्या माणसाला जंत आणखी खड्ड्यात ढकलतात का. क्येलाच्या आकड्यांनी प्रश्न एक पायरी मागे नेला. लागण होण्याच्या क्षणी अंगात जंत असणं हेच धोक्याचं असू शकतं. आणि आता ते वाक्य आठवा, एचआयव्हीला जागी पेशी आवडते. त्याच गटाने पुढे दाखवलं की हत्तीरोग असलेल्यांच्या रक्तात उत्तेजित अवस्थेतल्या टी-पेशी जास्त असतात. जंत एका बाजूने प्रतिकारशक्तीला स्वतःपुरतं गप्प करतो, आणि दुसऱ्या बाजूने वर्षानुवर्षं शेजारी राहून तिला एक बारीक, न संपणारी जाग लावून ठेवतो. दरवाजाशी पेंगणारा पण सतत दचकणारा पहारेकरी. विषाणू आलाच तर त्याला हवी तशी पेशी तयार मिळते. पोटातल्या साध्या जंतांबद्दल क्येलाच्या गटाला असा संबंध दिसला नाही, म्हणजे केनियाच्या गोळीने फरक का पडला नाही त्याचाही थोडा उलगडा होतो.

इथे थांबून सावधगिरीचं वाक्य लिहितो. हा निरीक्षणातून आलेला पुरावा आहे. हत्तीरोगाची गोळी खाल्ली की एचआयव्हीपासून बचाव होतो, असा अर्थ कुणी काढू नये. एचआयव्हीपासून बचाव निरोधने, सुरक्षित रक्ताने, स्वच्छ सुईने आणि वेळेवर घेतलेल्या औषधाने होतो. पण ज्या रोगाला आपण 'पाय सुजतो, जीव जात नाही' म्हणून हलक्यात घेत आलो, त्याचं बिल दुसऱ्या खात्यावरही फाटत असावं, हे आता उडवून लावता येणार नाही.

आणि हत्तीरोगाला हलक्यात घेणं हा आमच्याकडे जुना खेळ आहे. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने हा रोग संपवायचा ठराव केला. भारतात २००४ पासून मोठ्या प्रमाणावर वर्षातून एकदा सगळ्या गावाला गोळ्या द्यायची मोहीम सुरू झाली. डीईसी, म्हणजे १९४७ पासूनचं जुनं औषध, पुढे त्यात अल्बेंडाझोल. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तिसरं औषध आयव्हरमेक्टिनही जोडलं गेलं, देशातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांपैकी एक. पूर्व विदर्भातल्या शेजारी जिल्ह्यांतही नंतर ही तीन औषधांची पद्धत आली. देशाचं सध्याचं लक्ष्य २०२७ आहे. याआधीची लक्ष्यं येऊन गेली, त्यांच्याबद्दल बोलायला नको.

गोळ्या वाटणं सोपं आहे, गिळवणं अवघड. आशाताई दारात येते, म्हणते, "माझ्यासमोरच खा." घरातला कर्ता माणूस म्हणतो, "ठेवून जा, जेवण झाल्यावर घेतो." ती पुडी मग देव्हाऱ्याशेजारी वर्षभर पडून राहते. मला काही झालेलंच नाही तर मी गोळी का खाऊ, हा प्रश्न गावात जितका येतो तितकाच शहरातही येतो, उलट शहरात इंटरनेटसकट येतो. वर बघितलंच की काही न झालेला माणूसच या रोगाचा खरा साठा असतो. कधी गोळीनंतर ताप येतो, डोकं दुखतं. बहुतेक वेळा त्याचं कारण रक्तातल्या अळ्या मरतात हे असतं. पण गावात बातमी पसरते ती 'गोळीने ताप आला' अशीच.

एचआयव्ही असलेल्या माणसाचं या मोहिमेत काय होतं, याचा विचार करून मला जास्त अस्वस्थ व्हायला होतं. नियम सांगतो की दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना गोळी द्यायची नाही. नुसतं एचआयव्ही असणं हे वगळायचं कारण नाही. पण आशाताई विचारते, "काही मोठा आजार आहे का?" आणि आसपास चार शेजारी उभे असतात. त्या क्षणी तो माणूस काय सांगेल? बहुतेक "मी बाहेरच घेतली" म्हणून मोकळा होईल. महिन्याच्या औषधासाठी तो जिल्ह्याच्या एआरटी केंद्रात जातो, तिथे त्याला हत्तीरोगाबद्दल विचारायचं कुणाच्या डोक्यात येईलच असं नाही. हत्तीरोगाचं पथक त्याच्या गल्लीत रात्री येतं, त्यांना एचआयव्हीबद्दल विचारायची मुभा नाही, आणि ती नसावीच. २०१७ च्या कायद्याने त्याची गुप्तता जपली आहे ते योग्यच. पण शरीर एक आणि रजिस्टरं दोन, मधली वही कुणाकडेच नाही. ती वही फक्त त्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यात असू शकते. म्हणून त्यालाच हे सगळं माहीत असायला हवं.

तेव्हा माझ्यासारखे जे गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडून पुण्या-मुंबईला आलेत, त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी. एक, मोहिमेच्या वेळी घरी फोन करा आणि आईवडिलांना, भावंडांना गोळी जेवून, आशाताईच्या समोर गिळायला सांगा. विशेषतः कॉलेजातल्या भावाबहिणीला. क्येलाचा आकडा त्यांच्याच वयाचा आहे. दोन, घरात किंवा ओळखीत कुणी एचआयव्हीचं औषध घेत असेल तर त्याला सांगा की आपल्या एआरटी डॉक्टरलाच सरळ विचार, मी ही गोळी घेऊ का. तिथे तरी लपवायचं काही नसतं. तीन, घरामागचा तुंबलेला खड्डा बुजवा. मॅन्सनच्या माळ्यापासून आजपर्यंत इतके शोध लागले, पण क्युलेक्सला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

इतिहास वाचताना मला एक सवय लागलीय, कुठल्याही शोधात नाव न उरलेली माणसं शोधायची. हिन-लोचं निदान नाव तरी उरलं. क्येलाच्या गावकऱ्यांची, चेन्नईच्या रुग्णांची आणि आमच्याकडे रात्री झोपमोड करून बोट पुढे करणाऱ्यांची नावं कुठल्या पेपरात येत नाहीत. वर मी जे आकडे एवढ्या सहज लिहिले ते सगळे त्यांच्या रक्ताचे आहेत.

असो. फार लांबलं. कुणी डॉक्टर मंडळी वाचत असतील तर चुकलेलं जरूर सांगा. आणि कुणी हत्तीरोग पथकात काम केलेलं असेल तर रात्रीच्या फेऱ्यांचे अनुभव नक्की लिहा, मला ते सगळ्यात आधी वाचायचेत.

भेटू पुढच्या शनिवारी. तेव्हा विषय हलका घेईन, नक्की.